अनुदानाचा हप्ता आणि घरखर्चाचे गणित: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी योजनेतून किती पैसे मिळतात यावर भरपूर बोलले जाते. ते किती दिवसांनी मिळतात आणि कोणत्या तारखेला मिळतात, यावर मात्र फारसे बोलले जात नाही. ज्या घरात महिनाअखेरीस शंभर रुपयेही उरत नाहीत, त्या घराला रकमेइतकीच तारीख महत्त्वाची असते. पुढील प्रश्न बचत गटांच्या बैठकांत, सेतू केंद्राबाहेरच्या रांगेत आणि बँकेत पासबुक भरून घेताना पुन्हा पुन्हा ऐकू येतात. त्यांची उत्तरे महाराष्ट्रातील योजना डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. जेथे इतर देशांच्या अनुभवातून काही शिकण्यासारखे आहे, तेथे तोही सांगितला आहे.

कोणत्या योजनेचे पैसे किती दिवसांनी मिळतात?

संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना या दोन्ही मासिक योजना आहेत. त्यांची रक्कम २०१९ मध्ये महिना १००० रुपये झाली आणि २०२३ मध्ये १५०० रुपये झाली. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती २०२५ मध्ये २५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून लागू आहे आणि तिचीही रक्कम महिना १५०० रुपये आहे. शेतकऱ्यांसाठीच्या योजनांचे वेळापत्रक वेगळे आहे. पीएम किसान योजनेचे वर्षाचे ६००० रुपये २००० रुपयांच्या तीन हप्त्यांत येतात आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६००० रुपयेही याच पद्धतीने तीन हप्त्यांत येतात. लेक लाडकी योजनेत मुलीच्या जन्मानंतर ५०००, पहिलीत गेल्यावर ६०००, सहावीत ७०००, अकरावीत ८००० आणि वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० रुपये, असे टप्पे आहेत. रेशनचे धान्य दरमहा मिळते आणि ते पैशांत नसले तरी घरखर्चाच्या हिशेबात ते धरलेच पाहिजे, कारण अंत्योदय कार्डावरच्या ३५ किलो धान्यावर अनेक घरांचा महिना उभा असतो.

मासिक योजनेची तारीख ठरलेली असते का?

कागदावर योजना मासिक असते, पण प्रत्यक्षात पैसे कोणत्या तारखेला येतील हे लाभार्थ्याला आधी कळत नाही. लाडकी बहीण योजनेचाच प्रवास पाहावा. जुलै आणि ऑगस्ट २०२४ चे दोन हप्ते मिळून ३००० रुपये ऑगस्टच्या मध्यास एकदम जमा झाले. विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरमध्ये होती, म्हणून ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे पैसे ऑक्टोबरमध्येच आगाऊ दिले गेले. त्यानंतर डिसेंबरचा हप्ता येण्यास त्या महिन्याचा शेवटचा आठवडा उजाडला. फेब्रुवारी आणि मार्च २०२५ चे पैसे मार्चमध्ये महिला दिनाच्या सुमारास मिळाले, आणि एप्रिलचा हप्ता मे महिन्यात आला.

ज्या घरात ऑक्टोबरमध्ये ३००० रुपये आले, त्या घराला पुढचे पैसे दिसण्यासाठी दोन महिन्यांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. रक्कम एका रुपयानेही कमी झाली नव्हती. तरीही दिवाळीत हाती आलेले पैसे दिवाळीतच संपले आणि डिसेंबरमध्ये अनेकींनी दुकानदाराकडे उधारी वाढवली. यात त्या बायकांचा दोष नाही. पुढचा हप्ता कधी येणार हे ज्याला माहीत नसते, त्याला आजचे पैसे किती दिवस पुरवायचे हेही ठरवता येत नाही.

वर्षाची एकूण रक्कम तीच असेल, तर ती महिन्याला आली काय आणि चार महिन्यांनी आली काय, फरक कशाने पडतो?

हा प्रश्न बहुधा पगारदार माणसे विचारतात आणि तो प्रामाणिकपणे विचारलेला असतो. ज्याच्या खात्यात दोन-तीन महिन्यांचा खर्च शिल्लक असतो, त्याला खरोखरच फारसा फरक पडत नाही. पैसे आधी आले तर ते खात्यात पडून राहतात आणि उशिरा आले तर शिलकीतून खर्च भागतो. पण शिल्लकच नसेल, तर पैसे येण्याचा दिवस आणि पोट भरण्याचा दिवस एकमेकांना बांधले जातात. भूक चार महिन्यांचा हप्ता मागत नाही. किराणा, दूध, भाजी, गोळ्या हे खर्च दर आठवड्याला, काही तर रोज येतात.

याविषयी बाहेरच्या देशांत नीट मोजमाप झालेले आहे. अमेरिकेत गरीब कुटुंबांना अन्नखरेदीसाठी महिन्यातून एकदा साहाय्य मिळते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की पैसे मिळाल्यानंतरच्या पहिल्या दिवसांपासून महिनाअखेरपर्यंत या कुटुंबांचा आहार उष्मांकाच्या हिशेबाने सुमारे १० ते १५ टक्क्यांनी घटत जातो. म्हणजे तारीख पक्की असतानाही महिन्याचे अंतर काही घरांना लांब पडते. केनियातील गिव्हडायरेक्टली या संस्थेच्या कार्यक्रमाचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे काही कुटुंबांना रक्कम एकदम आणि काहींना महिन्याच्या हप्त्यांनी दिली होती. महिन्याने पैसे मिळालेल्यांच्या घरी अन्नाची शाश्वती अधिक सुधारली, तर एकरकमी पैसे मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तूंवर अधिक खर्च केला. दोन्हींत पैसा वाया गेला नाही. पैसा ज्या रूपात येतो, त्या रूपाला साजेशा कामाला तो लागतो, एवढाच याचा अर्थ आहे. म्हणून योजना कशासाठी आहे हे आधी ठरवून मग तिचे वेळापत्रक ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे: पोटासाठीची मदत थोडी थोडी आणि नेमाने यावी, भांडवलासाठीची मदत एकदम आणि हंगामाच्या आधी यावी.

हप्ता एक महिना लांबला तर घराचे नेमके किती नुकसान होते?

उदाहरणादाखल एकट्या राहणाऱ्या, निराधार योजनेचे १५०० रुपये मिळणाऱ्या एका वृद्ध विधवेचा महिना धरू. १५०० रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये. तांदूळ आणि गहू रेशनवर मिळतात. डाळ, तेल, साखर, चहापूड, मीठ-तिखट आणि साबण असा किराणा ७०० रुपये. भाजी आणि चहापुरते दूध २५० रुपये. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, ज्या सरकारी दवाखान्यात संपलेल्या असल्या की बाहेरून घ्याव्या लागतात, २५० रुपये. वीजबिल १५० रुपये. हातात १५० रुपये उरले, आणि त्यातच बँकेला जाण्यायेण्याचे भाडे, एखादे लग्न, नातवाच्या हातावर ठेवायचे दहा-वीस रुपये बसवायचे आहेत.

आता हप्ता आला नाही. पहिल्या आठवड्यात किराणा उधारीवर येतो. दुकानदार वहीत नाव लिहितो, पण उधारीच्या गिऱ्हाईकाला भाव करता येत नाही आणि जिथे स्वस्त मिळते त्या आठवडी बाजारात जाताही येत नाही, कारण बाजारात रोख लागते. तेलाची लिटरची पिशवी परवडत नाही म्हणून पावशेर तेल घेतले जाते आणि ते महाग पडते. दुसऱ्या आठवड्यात गोळ्या एक दिवसाआड घेतल्या जातात. हा खर्च कुठल्याच वहीत दिसत नाही, पण पुढे दवाखान्यात भरती व्हावे लागले तर तोच सर्वांत मोठा ठरतो. तिसऱ्या आठवड्यात वीजबिलाची मुदत उलटते आणि विलंब आकार लागतो. कुणाकडून १००० रुपये शेकडा पाच रुपये महिना व्याजाने घेतले, तर दोन महिन्यांत १०० रुपये व्याजात जातात, म्हणजे दोन दिवसांचे अनुदान. थकीत ३००० रुपये अखेर जमा होतात तेव्हा त्यातले बहुतेक उधारी आणि उसनवारी फेडण्यातच संपतात, आणि पुढचा महिना पुन्हा रिकाम्या हाताने सुरू होतो.

उशिरा आलेल्या अनुदानाला सरकारी भाषेत थकबाकी म्हणतात. व्यवहारात पाहिले तर तेवढे दिवस सरकारने त्या बाईकडून बिनव्याजी कर्ज घेतलेले असते आणि त्याचे व्याज ती बाई दुकानदाराला आणि सावकाराला भरत असते.

पण थकबाकीसह सगळे पैसे एकदम आले, तर उलट मोठे काम होते ना?

काही घरांत होते आणि ते नाकारण्याचे कारण नाही. दोन हप्ते एकत्र आल्यावर शिलाई मशीनची दुरुस्ती झाली, शेळी घेतली, मुलाची परीक्षा फी भरली, असे घडते. परंतु हे तिथेच घडते जिथे दुसरे कुणीतरी कमावते आहे आणि दरम्यानचा खर्च त्या कमाईतून भागलेला आहे. ज्या घराचा चूलखर्चच अनुदानावर चालतो, तिथे एकत्र आलेली रक्कम मोठी दिसत असली तरी ती आधीच खर्च झालेली असते. शिवाय पैसे एकदम आले की ते घरात सर्वांना कळते, आणि देणेकरी, नातेवाईक व घरातला पुरुष यांच्या मागण्याही एकदमच येतात. दरमहा येणाऱ्या १५०० रुपयांवर बाईचा जो हात राहतो, तो एकदम आलेल्या ४५०० रुपयांवर राहीलच असे नाही.

आणखी एक अडचण हिशेबाची आहे. पासबुकात नुसती रक्कम छापलेली असते. ती कोणत्या महिन्याची हे त्या ओळीवरून सहज कळत नाही. दोन महिन्यांचे पैसे आले की तीन महिन्यांचे, मधला एखादा महिना गाळला गेला की काय, हे तपासण्यासाठी बाईला सेतू केंद्र किंवा तहसील कार्यालय गाठावे लागते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते.

मग शेतकऱ्यांना चार महिन्यांनी २००० रुपये मिळतात, ते बरोबर आहे का?

पद्धत तत्त्वतः बरोबर आहे. तिची वेळ पुष्कळदा चुकते. शेतीचा खर्च हंगामात एकवट येतो. खरिपाचे बियाणे आणि खत मे-जूनमध्ये लागते आणि रब्बीची तयारी ऑक्टोबरपासून सुरू होते. तेव्हा महिन्याला ५०० रुपये मिळण्यापेक्षा पेरणीच्या तोंडावर २००० रुपये एकदम मिळणे शेतकऱ्याच्या अधिक उपयोगाचे आहे. परंतु पीएम किसान योजनेतील हप्त्याचा कालावधी एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च असा चार-चार महिन्यांचा आहे, आणि त्यातल्या कोणत्या दिवशी पैसे सुटतील हे दर वेळी नव्याने ठरते. एप्रिल ते जुलै या एकाच कालावधीचा हप्ता २०२२ मध्ये ३१ मे रोजी, २०२३ मध्ये २७ जुलै रोजी, २०२४ मध्ये १८ जून रोजी आणि २०२५ मध्ये कालावधी उलटून २ ऑगस्ट रोजी देण्यात आला. विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने ३१ मे आणि २ ऑगस्ट यांत मोठे अंतर आहे. पहिल्या तारखेला आलेल्या पैशांतून सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी येते. दुसऱ्या तारखेला ती पिशवी कृषी सेवा केंद्रातून उधारीवर आणून, पेरून, पीक गुडघ्याएवढे झालेले असते. हप्ता जाहीर कार्यक्रमातून देण्याला माझा विरोध नाही, पण कार्यक्रमाची तारीख मृग नक्षत्र पाहून ठरवता आली तर तेच पैसे अधिक कामाचे ठरतील.

मी शेतकरी आहे आणि मला लाडकी बहीण योजनेतून ५०० रुपयेच येतात. माझ्या घरखर्चात हे कसे धरावे?

ज्या महिलेला शासनाच्या अन्य योजनेतून १५०० रुपयांपेक्षा कमी लाभ मिळतो, तिला लाडकी बहीण योजनेतून फक्त फरकाची रक्कम मिळते. पीएम किसान आणि नमो शेतकरी यांचे मिळून वर्षाला १२,००० रुपये होतात. ते महिन्याला १००० रुपये धरून उरलेले ५०० रुपये दिले जातात. वार्षिक बेरीज १८,००० रुपयेच होते आणि कागदावर सर्व महिला समान ठरतात. घरात मात्र तसे होत नाही. एकीच्या हाती दरमहा १५०० रुपये येतात. दुसरीच्या हाती दरमहा ५०० रुपये आणि चार महिन्यांनी ४००० रुपये येतात, आणि तेही शेतीच्या खर्चात जातात.

म्हणून अशा घराने हे दोन पैसे मनातच वेगळे ठेवावेत. दरमहाचे ५०० रुपये चूलखर्चात धरावेत. ४००० रुपयांतील निम्मे तरी शेतीला द्यावेत आणि उरलेले बचत गटाच्या खात्यात टाकून पुढच्या चार महिन्यांत ५०० रुपयांप्रमाणे काढावेत. मोठ्या रकमेचे आपणच मासिक हप्ते करून घेण्याचा हा मार्ग आहे. ज्या गटांत अंतर्गत बचतीची शिस्त आहे, तिथे तो उत्तम चालतो.

महिन्याऐवजी दर पंधरवड्याला पैसे द्यावेत का?

यावर ब्रिटनमधील अनुभव बोलका आहे. तेथे २०१३ पासून निरनिराळे भत्ते एकत्र करून युनिव्हर्सल क्रेडिट नावाची मदत महिन्यातून एकदा देण्यास सुरुवात झाली. नोकरीचा पगार महिन्याने येतो, तशीच सवय मदत घेणाऱ्यालाही लागावी, हा त्यामागचा विचार होता. पण कमी उत्पन्नाच्या अनेक लोकांना मजुरी आठवड्याने मिळत असे आणि त्यांचा खर्चही त्याच तालावर बसलेला होता. शिवाय पहिले पैसे येण्यास सुमारे पाच आठवडे लागतात; तोवर आगाऊ रक्कम घेता येते, पण ती पुढच्या हप्त्यांतून कापली जाते, त्यामुळे मदतीची सुरुवातच कर्जाने होते. स्कॉटलंडने २०१७ पासून अर्जदाराला महिन्यातून दोनदा पैसे घेण्याचा आणि घरभाडे परस्पर घरमालकाला देण्याचा पर्याय दिला. उत्तर आयर्लंडमध्ये तर महिन्यातून दोनदा हीच सर्वसाधारण पद्धत आहे.

महाराष्ट्रात हे जसेच्या तसे आणणे मला योग्य वाटत नाही. तिकडे पैसे जमा झाले की दुकानात कार्ड चालते. आपल्याकडे मेळघाटातल्या किंवा अक्कलकुव्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या बाईला पैसे काढण्यासाठी जीपने बँकेच्या गावी जावे लागते, रांगेत अर्धा दिवस जातो आणि कधी कधी अंगठा लागत नाही म्हणून परत यावे लागते. १५०० रुपयांचे दोन भाग केले, तर भाड्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च दुप्पट होईल. गावातच बँक मित्र असेल किंवा फोनवरून पैसे देता येत असतील, तिथे पंधरवडा सोयीचा ठरेल. आज तरी मागणी करायची असेल तर दोनदा देण्याची नव्हे, एका ठरलेल्या तारखेला देण्याची करावी.

रोजगार हमीची मजुरी उशिरा आली तर भरपाई मिळते असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची वाट दाखवली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला. त्यानंतर आलेल्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने मजुरी आठवड्याने, आणि कोणत्याही परिस्थितीत पंधरवड्याच्या आत देण्याचे बंधन घातले. हजेरीपट बंद झाल्यानंतर सोळाव्या दिवसापासून थकलेल्या मजुरीवर दररोज ०.०५ टक्के भरपाई ठरवण्यात आली. तत्त्व म्हणून ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण उशीर हे नुकसान असते हे तिने कायद्यात मान्य केले. रक्कम मात्र पाहावी. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातील दर दिवसाला ३१२ रुपये होता. सहा दिवसांची मजुरी १८७२ रुपये झाली आणि तिच्यावर दिवसाची भरपाई सुमारे ९४ पैसे होते. पूर्ण महिना उशीर झाला तरी ती २८ रुपयांच्या आसपास राहते, आणि तेवढ्याच रकमेवर शेकडा पाच दराने सावकार जवळपास ९४ रुपये घेतो. निराधार आणि श्रावणबाळ योजनांत तर उशिराबद्दल एवढीही भरपाई मिळत नाही.

हप्ता जमा झाल्याचे सांगितले जाते, पण खात्यात पैसे दिसत नाहीत. असे का होते?

बहुतेक वेळा पैसे दुसऱ्याच खात्यात गेलेले असतात. थेट लाभ हस्तांतरणात पैसे खाते क्रमांकावर न जाता आधार क्रमांकाला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. माहेरी असताना उघडलेले खाते, गटाच्या कर्जासाठी उघडलेले दुसरे आणि फोनवरून उघडलेले तिसरे, अशी तीन खाती असली, तर शेवटी आधार जोडलेल्या खात्यात पैसे पडतात आणि बाई जुनेच पासबुक घेऊन बँकेत चकरा मारते. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे हे पाहता येते. ते पहिल्यांदा पाहावे.

जनधनसारख्या मूलभूत बचत खात्यात किमान शिल्लक ठेवण्याची अट नसते आणि महिन्यातून चार वेळा पैसे विनाशुल्क काढता येतात. खाते त्या प्रकारचे नसेल, तर शिल्लक कमी असल्याचे शुल्क हप्ता आल्याबरोबर कापले जाऊ शकते. अनुदानाच्या रकमेतून जुने कर्ज वळते करू नये, अशा सूचना लाडकी बहीण योजनेच्या वेळी राज्य सरकारने बँकांना दिल्या होत्या. तसे झाले असल्यास शाखा व्यवस्थापकाकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी.

मायक्रोफायनान्सचा हप्ता आठवड्याला आहे आणि अनुदान महिन्याला. तोंडमिळवणी कशी करावी?

कर्ज घेतानाच फेडीचा काळ बदलून मागावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार कर्जदाराच्या गरजेप्रमाणे फेडीच्या कालावधीत लवचीकता देण्याचे धोरण प्रत्येक संस्थेने ठेवायचे आहे, आणि घराच्या सर्व कर्जांची महिन्याची परतफेड घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असता कामा नये. आठवड्याला मजुरी मिळणाऱ्या घराला आठवड्याचा हप्ता सोपा जातो. अनुदानावर किंवा पगारावर चालणाऱ्या घराला महिन्याचा. केवळ अनुदान येणार आहे या भरवशावर कर्ज मात्र घेऊ नये. पडताळणीत किंवा ई-केवायसी राहिल्यामुळे अनुदान एखाद्या महिन्यात थांबू शकते, पण वसुलीचा माणूस ठरल्या वारी दारात उभा असतोच.

तारीख माहीत नसताना घराचे अंदाजपत्रक आखायचे तरी कसे?

सर्वांत उपयोगी ठरलेली पद्धत एक महिना मागे राहून खर्च करण्याची आहे. या महिन्यात जमा झालेला हप्ता पुढच्या महिन्यासाठी धरायचा आणि या महिन्याचा खर्च आधीच्या हप्त्यातून करायचा. हे एका झटक्यात जमत नाही, कारण त्यासाठी एक पूर्ण हप्ता शिल्लक असावा लागतो. पण दर हप्त्यातून १०० रुपये बाजूला टाकले तर पंधरा हप्त्यांत १५०० रुपये उभे राहतात, आणि दोन हप्ते एकत्र आले तेव्हा त्यातले ५०० टाकले तर आणखी लवकर. त्यानंतर हप्ता तीन आठवडे लांबला तरी चूल त्यावर अडत नाही.

दुकानदाराशीही बोलून घ्यावे. उधारी फेडण्याची एक तारीख न ठरवता 'हप्ता जमा झाल्यापासून तीन दिवसांत' असे ठरवले, तर दुकानदाराचा विश्वास राहतो आणि बाईला तोंड चुकवून जावे लागत नाही. हप्ता आला की तेल, डाळ आणि गोळ्या या तीन गोष्टी महिनाभराच्या एकदम घ्याव्यात, कारण त्यांत तुटवडा झाला तर सर्वांत जास्त महाग पडते. जून महिना वेगळा धरावा. शाळेच्या वह्या, गणवेश, छत्री आणि घराच्या छपराचा कागद हे खर्च एकाच वेळी येतात, त्यामुळे मार्चपासूनच त्यासाठी थोडे थोडे ठेवावे लागते. भिशी लावायची असेल तर आपला नंबर मे-जूनमध्ये येईल असे पाहावे.

घरात हा हिशेब लिहिण्यासाठी शाळकरी मुलीची जुनी वही पुरते. एका पानावर हप्ता कोणत्या तारखेला आला आणि तो कोणत्या महिन्याचा होता, एवढेच लिहावे. सहा महिन्यांनी तेच पान तहसीलमध्ये तक्रारीसोबत दाखवता येते.

सरकारने नेमके काय बदलावे, असे तुम्हाला वाटते?

ब्राझीलमध्ये बोल्सा फामिलिया ही गरीब कुटुंबांना रोख मदत देणारी योजना २००३ मध्ये सुरू झाली. तिचे पैसे साधारणपणे महिन्याच्या शेवटच्या दहा कामकाजाच्या दिवसांत दिले जातात आणि लाभार्थ्याच्या ओळख क्रमांकाचा शेवटचा अंक पाहून त्याचा दिवस ठरतो. वर्षभराचे वेळापत्रक आधीच प्रसिद्ध केलेले असते. शेवटचा अंक ३ असलेल्या बाईला डिसेंबरमध्ये आपला दिवस कोणता हे जानेवारीतच कळते. यातून बँकेतली गर्दीही दहा दिवसांत विभागली जाते. महाराष्ट्रात लाभार्थ्यांची यादी आणि आधार जोडणी तयार असताना असे वेळापत्रक छापण्यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. त्या त्या महिन्याचा निधी आधी राखून ठेवण्याची शिस्त लागते. जोडीला हप्ता कोणत्या महिन्याचा आहे हे संदेशात मराठीत यावे आणि लाभ थांबवण्यापूर्वी कारणासह सूचना मिळावी. अनुदान अचानक बंद झाल्याचे बाईला बँकेच्या खिडकीवर कळावे, हे मला सर्वांत अन्यायाचे वाटते.

हप्ता थांबला आहे. आधी काय तपासावे?

पासबुक भरून घ्यावे आणि शेवटचा हप्ता कधी आला हे पाहावे. शेजारच्या लाभार्थ्यांनाही पैसे आले नसतील तर अडचण निधीची आहे आणि थांबावे लागेल. फक्त आपलाच थांबला असेल, तर आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे, ई-केवायसी झाली आहे का, आणि निराधार किंवा श्रावणबाळ योजना असल्यास या वर्षीचा हयातीचा दाखला दिला आहे का, या क्रमाने पाहावे. निराधार आणि श्रावणबाळची चौकशी तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत, लाडकी बहीणची अंगणवाडी सेविकेकडे किंवा महिला व बालविकास कार्यालयात, आणि शेतकरी योजनांची कृषी कार्यालयात करावी. तोंडी विचारून परत येऊ नये. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा, म्हणजे पुढच्या खेपेस पहिल्यापासून सांगावे लागत नाही.